शशिकला शेवटपर्यंत बसते

सिनेमाबद्दल मत सगळ्यांनाच असतं. भोपाळच्या कारखान्याच्या बरखेडा वसाहतीतल्या इतर बायका ते कुणी विचारलं तर सांगायच्या, शशिकलाला विचारावं लागत नसे. नायिका रडायला बसली तरी तिची वेणी विस्कटत नाही, खलनायकाचं घर नायकाच्या घरापेक्षा टापटीप आहे, आई आजारी पडली की बरोबर जिन्याच्या वरच्याच पायरीवर चक्कर येते, असलं काहीबाही तिच्या तोंडून भराभर निघायचं. ऐकणाऱ्या बायका हसून हसून विणकामाचे टाके गाळायच्या आणि पुन्हा उसवत बसायच्या.

लग्न होऊन ती अमरावतीहून भोपाळला आली तेव्हा तिने आयुष्यात मोजून दोनतीन सिनेमे पाहिले होते, तेही देवादिकांचे. वडिलांना सिनेमा या शब्दाचाच राग. नवरा भालचंद्र कारखान्यात टर्नर. माणूस सरळ, कामाला चोख, बोलायला मात्र महाकंजूष. दोन खोल्यांचा क्वार्टर, मागे चिमूटभर अंगण आणि दिवसभर घरात दुसरं कुणी नाही. पहिले काही महिने तिने भिंतींशी बोलून काढले. मग शेजारची सरोज एका बुधवारी तिला दुपारच्या खेळाला घेऊन गेली, आणि शशिकलाला भोपाळ आवडायला लागलं.

बुधवारचा दुपारचा खेळ म्हणजे जवळजवळ बायकांचाच. पुरुष कारखान्यात, शिकाऊ पोरं वर्कशॉपात. पत्र्याच्या छपराची टॉकीज, वर गरागरा पंखे, आणि खाली मराठी, पंजाबी, मल्याळी, सगळ्या मुलखांच्या बायका. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मराठी बायका क्वार्टरांच्या मागच्या निंबाखाली जमायच्या. कुणी गहू निवडत असे, कुणी स्वेटर विणत असे, आणि कालचा सिनेमा पुन्हा एकदा चिरला जायचा.

यात एकच गोम होती. सिनेमा ऐन रंगात यायचा आणि कारखान्याचा भोंगा व्हायचा. यंत्रावरच्या लोकांची पाळी सुटल्याचा भोंगा. तो झाला की टॉकीजमधल्या अर्ध्याअधिक बायका पदर सावरून उभ्या राहायच्या. नवरा सायकलवर घरी पोचायच्या आत स्टोव्हवर चहा चढलेला हवा. तसा नियम कुणी केला नव्हता. कुणाच्या नवऱ्याने तशी ताकीदही दिली नव्हती. पण भोंगा झाला की पाय आपोआप उठायचे, आणि पडद्यावर कुणाचा जीव जात असो की कुणाचं लग्न लागत असो, त्याच्याकडे पाठ करून रांगेच्या रांगा बाहेर पडायच्या. गेटकीपर भोंग्याच्या आधीच बाजूचं दार उघडून ठेवायचा, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

थोड्या वेळाने ऑफिसवाल्यांचा दुसरा भोंगा व्हायचा. पण तोवर आत उरलेल्यांत मराठी बाई एकच असायची. मालतीताई. त्यांचे यजमान फोरमन, क्वार्टर मोठा, आणि चहाला घरात सासूबाई. ‘‘आमच्याकडे सासूबाईच करतात बाई सगळं, मला कसली घाई नाही,’’ असं त्या सांगायच्या. बसायच्या मात्र अगदी मागे, दाराजवळ. पुढून बघितलं की डोळे दुखतात म्हणायच्या. गुरुवारी निंबाखाली सिनेमाचा शेवट सांगायचा मान त्यांचा. त्या तो सांगायच्याही झकास. सगळ्या बायका माना डोलवायच्या, आणि कोणत्याही सिनेमातली रुसलेली, दुखावलेली, घर सोडून गेलेली बाई शेवटी नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून घरी परत यायची.

शशिकलाला ते पटत नसे. एकदा ती म्हणालीच, ‘‘मालतीताई, कालच्या सिनेमातली ती बाई काही परत जाणाऱ्यांतली नव्हती. तिचा आवाज ऐकलात ना? असल्या आवाजाची बाई पायाबिया पडत नाही.’’

मालतीताईंनी सुया थांबवल्या. ‘‘शशी, तू शेवट पाहिलास?’’

‘‘नाही, पण...’’

‘‘मग तुझं मत कसलं गं? शेवट न बघता सिनेमावर बोलायचं म्हणजे भाजी न चाखता मीठ कमी म्हणायचं. ज्यांनी पाहिलाय त्यांना बोलू दे.’’

बायका हसल्या. सरोजही हसली. शशिकलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्याकडे मालतीताईंसारखा मोठा क्वार्टर नव्हता, तिचं शिक्षण बेताचं, घरातला माणूस दिवसातून चार वाक्यं बोलणारा. तिला ऐकणारी माणसं फक्त या निंबाखाली होती, आणि आज तिथेही तिचं तोंड बंद केलं गेलं होतं. घरी येऊन तिने कणीक इतकी तिंबली की भालचंद्रला पोळ्या मऊ लागल्या. तसं त्याने बोलून दाखवलं नाही ते सोडा. त्या रात्री झोपण्याआधी तिने ठरवलं, आता शेवट बघायचाच.

आधी तिने थर्मास आणला. चहा भरून, ओट्यावर ठेवून गेली, पण धीर झाला नाही आणि भोंग्याला परत आली. भालचंद्रने तो चहा तोंडात घेतला आणि विचारलं, ‘‘हा चहा आहे का काढा?’’ मग तिने त्याला स्टोव्ह पेटवायला शिकवायचं मनावर घेतलं. दिवसभर हत्तीएवढ्या लोखंडाला आकार देणारा हा गडी पितळी स्टोव्हचा भडका पाहून अंगणात पळाला. ‘‘तू काय मला जाळून टाकून राहिली का?’’ तो बाहेरून ओरडला.

पण माणूस वाईट नव्हता. बायकोला काहीतरी सलतंय हे त्याच्या ध्यानात आलं. ‘‘पूर्णच बघायचा आहे ना? रविवारी मी घेऊन जातो,’’ तो म्हणाला. शशिकला हरखली. रविवारी दोघं सायकलवरून गेली, शेंगदाणे घेतले, मध्यंतरात समोसे खाल्ले. सिनेमा शेवटाला आला, नायिका कड्याच्या टोकाशी उभी, आणि भालचंद्र उठला. ‘‘चल लवकर. नंतर सायकल स्टँडवर लई गर्दी होते.’’

शशिकला त्यावर एक शब्द बोलली नाही. बोलली ती पुढच्या बुधवारी सकाळी, त्याच्या डब्याचं झाकण लावता लावता.

‘‘आज मी सिनेमा संपल्यावर येईन. चहा मिळणार नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे मिळणार नाही. किल्ली सरोजकडे ठेवते. चिवडा डब्यात आहे.’’

भालचंद्रने तिच्याकडे पाहिलं, डबा पाहिला, आणि तो सायकलला अडकवून निघून गेला. ती विचारत नव्हती, सांगत होती, एवढं त्याला कळलं असावं.

त्या दिवशीचा सिनेमा एका मास्तरणीचा होता. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई खेड्यातल्या शाळेत शिकवायला लागते. शशिकलाला ती पहिल्या रिळापासून आवडली. उत्तरार्धात नवऱ्याला उपरती होते आणि तो टांगा घेऊन बायकोला न्यायला निघतो. टांगा रस्त्याला लागला आणि भोंगा झाला.

रांग उठली. शशिकलाचे गुडघेही उठायला निघाले होते. तिने खुर्चीचे हात गच्च धरले. सरोजने तिचा पदर ओढला, ‘‘अगं चल ना, झाला भोंगा!’’

‘‘ऐकला मी. तू हो पुढे. आणि हे घे, आमची किल्ली.’’

‘‘वेडी झालीस का? भावजी काय म्हणतील?’’

‘‘काय म्हणतात ते उद्या तुला सांगेन.’’

सगळ्या गेल्या. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या तशी तिला भीती वाटली. घरी तो दारात उभा असेल, रागावला असेल, उपाशी असेल, असलं सगळं मनात येऊन गेलं. पण ती बसून राहिली. टांगा शाळेच्या फाटकाशी आला. नवरा हात जोडून उभा राहिला. मास्तरीण वर्गातून बाहेर आली. आणि नेमका तेव्हा दुसरा भोंगा झाला.

मागे खुर्ची वाजली. शशिकलाने वळून पाहिलं. गेटकीपरने दाराचा पडदा बाजूला केला होता, दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता, आणि त्या उजेडात मालतीताई चपला हातात घेऊन घाईघाईने बाहेर पडत होत्या. दोघींची नजरानजर झाली. गेटकीपर अगदी सवयीच्या आवाजात म्हणाला, ‘‘आराम से, बहनजी, हर बार ऐसे भागती हो, गिरोगी किसी दिन.’’ पडदा पडला आणि पुन्हा अंधार झाला.

शशिकला पडद्याकडे वळली. मास्तरीण नवऱ्याशी दोन वाक्यं बोलली, शांतपणे, आणि वर्गात परत गेली. टांगा रिकामा निघून गेला. ती फळ्यावर लिहीत असताना सिनेमा संपला. शशिकला दिवे लागले तरी बसून होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचीसुद्धा तिला घाई नव्हती.

घरी भालचंद्र चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. चहा त्याने शेजारच्या केशवकडे घेतला होता आणि ते आपल्याला शोभलं नाही असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

‘‘संपला?’’ त्याने विचारलं.

‘‘संपला. पुढच्या बुधवारीही संपल्यावरच येईन.’’

तो बराच वेळ चिवड्यातले दाणे वेचत राहिला. मग म्हणाला, ‘‘मग त्या स्टोव्हची पिन कुठं असते ते दाखवून ठेव.’’

दुसऱ्या दिवशी निंबाखाली सगळ्या जमल्या. मालतीताई उशिरा आल्या. विणकाम काढलं, पण शशिकलाकडे पाहिलं नाही. सरोज म्हणाली, ‘‘सांगा ना ताई, मास्तरणीचं पुढे काय झालं?’’

मालतीताईंच्या सुया दोनदा एकमेकींवर आपटल्या. सवयीने त्या बोलून गेल्या, ‘‘काय व्हायचंय? नवरा आला, तिला रडू फुटलं, पाया पडली आणि बसली टांग्यात.’’

बायकांनी माना डोलवल्या. शशिकलाला एका वाक्यात मालतीताईंना उताणं पाडता आलं असतं. त्या दिवशीचं हसू तिच्या कानात अजून होतं, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण डोळ्यांसमोर तिला कालच्या त्या हातातल्या चपला दिसत होत्या. मोठ्या क्वार्टरात राहणारी, ताठ मानेची बाई चोरपावलांनी दाराकडे निघाली होती. सासूबाई सगळं करतात ना! म्हणजे यांचाही भोंगा होताच, फक्त तो नंतर व्हायचा.

म्हणून खोटं बोलायची मात्र तिची तयारी नव्हती.

‘‘मी काल शेवटपर्यंत बसले होते,’’ ती म्हणाली. ‘‘ती टांग्यात बसली नाही. टांगा रिकामा गेला. ती वर्गात जाऊन शिकवायला लागली. आणि माझं मत विचाराल तर इतका बरोबर शेवट मी दुसरा पाहिला नाही.’’

‘‘पण ताई तर म्हणतात...’’ सरोज गोंधळली.

‘‘ताई मागे बसतात. पुढे लोक उठून उभे राहिले तर काय दिसणार त्यांना? तुम्ही सगळ्या उठताच ना? उठू नका. पुढच्या वेळी बसा आणि बघा.’’

मालतीताई मान खाली घालून टाके मोजत राहिल्या, आणि जरा वेळाने ‘‘दूध तापवायचंय’’ म्हणून उठून गेल्या.

संध्याकाळी दिवेलागणीला त्या शशिकलाच्या मागच्या दाराशी आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

‘‘तू सांगितलं नाहीस,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय सांगायचं होतं?’’

‘‘सासूबाईंना दुसऱ्या भोंग्याला मी दारात दिसावी लागते. पहिल्या दिवसापासून. या बायकांना वाटलं मी शेवट बघते, मग मलाही नाही म्हणवेना.’’ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. ‘‘मला ठाऊक होता तो एकच शेवट मी सगळ्यांना लावत गेले, शशी. किती जणींना मी उगाच घरी परत पाठवलं असेल गं?’’

शशिकला पायरी उतरून खाली आली आणि तिने मालतीताईंचा हात धरला.

‘‘झालं ते झालं. बुधवारी पुढे बसायचं, माझ्या शेजारी. भोंगा झाला की मी हात धरून ठेवीन.’’

‘‘आणि सासूबाईंना काय सांगू?’’

‘‘विचारायचं नाही, ताई. सकाळीच सांगून टाकायचं.’’