एकाच खोलीत दोन एसी

आबा गाडीच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थोपटायचे आणि म्हणायचे, "व्हई जाई." म्हणजे होऊन जाईल. कसं होईल, कशाच्या जोरावर होईल, यातलं काही ते सांगत नसत. एवढं बोलून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, आणि मला कळायचं की ते होऊन जाण्याचं काम माझ्याकडे लागलेलं आहे.

नंदुरबारला माझं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षांत घाईची गिऱ्हाइकं पाहिली, संशयी पाहिली, फुकट सल्ला घेऊन पसार होणारी पाहिली. तुमच्याही धंद्यात ती असतील. पण सगळं शांतपणे ऐकून घेणारं, मान डोलावणारं आणि शेवटी आपल्या पहिल्या वाक्यावरच येऊन बसणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं.

आबा रनाळ्याचे. घरची शेती भावाकडे, हे स्वतः उभा जन्म बसवर ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शाळेनं मोडीत काढलेली मिनीबस घेतली, बाक उपसून काढले आणि तिचं घर केलं. पुढे ड्रायव्हरची सीट, मध्ये शेगडी आणि पाण्याची टाकी, मागे पत्र्याची भिंत घालून एक लहानशी खोली. छपरावर सोलरच्या पाट्या, फळीखाली चार बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर आणि मागे जाळीत बांधलेला छोटा जनरेटर. खोलीतला एक टनाचा एसी मीच बसवून दिला होता.

ती खोली मावशींची, म्हणजे आबांच्या बायकोची. चार वर्षांपूर्वी गच्चीवर कुरडया वाळत घालताना त्या खाली पडल्या आणि पाठीचा कणा दुखावला. छातीखालचं अंग बधिर झालं, हात तेवढे शाबूत राहिले. त्यात त्या बधिर अंगाला घामही येईना. घाम नाही तर अंग निवायचं कसं? आपल्याकडे एप्रिल-मेत धडधाकट माणूस दुपारी बाहेर पडत नाही. मावशींना तर थोडा वेळ ऊन लागलं तरी अंग भट्टीसारखं व्हायचं. त्यांना गारव्यातच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ही गाडी.

फेब्रुवारीत एकदा गाडी दुकानासमोर येऊन थांबली. आबा उतरले.

"भाऊ, दुसरा एसी बठाडाना शे."

"कुठे बसवायचा?"

"मांगे, खोलीमा."

"मागे आहे की एक."

"शे ना. आखो एक."

मी आधी हसलो. मग एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर गणित मांडून दाखवलं. या बॅटऱ्यांवर एक एसी साडेचार-पाच तास चालतो. दोन लावले तर दोन तासांत सगळं संपेल. सुरू होताना दोघांनी एकदम ओढ घेतली तर इन्व्हर्टर झेपणार नाही, आणि जनरेटर तर उन्हात आधीच धापा टाकतो. छपरावर आणखी पाट्या बसवायला जागा नाही. शिवाय त्या खोलीला एकच एसी पुरून उरतो. आबांनी पुठ्ठा हातात घेतला, नीट वाचला, परत दिला आणि पत्र्यावर थोपटलं.

"व्हई जाई. तू बठाड."

पुढच्या महिन्याभरात ते चार वेळा आले. मी बॅटऱ्या वाढवू म्हटलं, तर म्हणाले वजन वाढेल, टायर दमतील. मोठा जनरेटर घ्या म्हटलं, तर म्हणाले आवाजानं हिला झोप लागत नाही. मग दुसऱ्या एसीचा नाद सोडा म्हटलं, तर नुसते हसले. मावशी खिडकीशी टेकून शेंगा सोलत बसलेल्या असायच्या.

"भाऊ, ह्या कोनं आयकतस नही," त्या आतून म्हणायच्या.

शेवटी मी ठरवलं, यांना डोळ्यांनी दाखवावं. दुकानातला एक जुना खिडकीचा एसी बाहेर आणला, गाडीच्या इन्व्हर्टरला जोडला आणि दोन्ही एकदम सुरू केले. इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि मान टाकली. आतला पंखासुद्धा थांबला.

"काय व्हयनं?" मावशींनी विचारलं.

"काही नही, भाऊ दखाडी ऱ्हायना," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून तेच, "व्हई जाई."

माझा तोल गेला. मी म्हणालो, "आबा, मावशींना काय बर्फाच्या लादीवर ठेवायचंय का तुम्हाला? एका माणसाला दोन एसी कशाला लागतात?"

आबांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, सीटवर चढले आणि गाडी घेऊन गेले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ब्याद टळली असं मी शेजारच्या टायरवाल्याला बोलूनही दाखवलं.

आठ दिवसांनी आबा परत आले. या वेळी गाडी नव्हती. बसनं एकटेच आले होते. सून घरी मावशींजवळ होती. दुकानातल्या स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि मी न विचारता सांगायला लागले.

गेल्या मे महिन्यात ते मावशींना सुरतेच्या डॉक्टरांना दाखवून परत येत होते. विसरवाडीच्या अलीकडे एसी बंद पडला. भर दुपार. आबांनी खिडक्या उघडल्या तर आत लूच शिरली. मावशी आधी बडबडत होत्या, मग असंबद्ध बोलायला लागल्या, मग गप्प झाल्या. चेहरा लालबुंद. आबांनी गाडी उसाच्या रसवंतीपाशी घातली, रसवाल्याकडून बर्फाची लादी उचलली, फोडली, गोणपाटात गुंडाळून मावशींच्या काखेत, मानेशी ठेवली. रसवाला आणि एक ट्रकवाला बादल्यांनी पाणी ओतत होते.

"पाऊण तासमा तिनी डोया उघडा," आबा म्हणाले.

तो एसी मीच बसवलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो माझ्याकडे आणला होता, आणि मी एक सुटलेली वायर जोडून, 'किरकोळ होतं' असं म्हणून परत दिला होता. यातलं काही त्यांनी तेव्हा सांगितलं नव्हतं.

"तिले याद नही. मी सांगेल नही," आबा म्हणाले. "सांगं तं ती घरबाहेर पडाव नही. आते तिले तिनी मायले भेटाले जानं शे, अक्कलकुवाना पुढे. आठ दिन ऱ्हानं शे. तठे पत्रानं घर, लाइटना भरोसा नही. एक बंद पडना तं दुसरा पाहिजे."

"म्हणजे दोन एकदम चालवायचे नाहीत?"

"दोन एकदम कसाले चालाडू? येडा शे का मी?"

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. महिनाभर मी पुठ्ठे भरत होतो, इन्व्हर्टर जाळायच्या बेतात होतो. एकाला लागेल तेवढी वीज गाडीत होतीच. दुसरा नुसता तयार असायला हवा होता.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, आबा?"

"ती खिडकीमा व्हती ना."

मी तरी कुठे विचारलं होतं. कसं जमणार नाही हेच सांगत बसलो होतो.

काम दोन दिवसांचं निघालं. दुसऱ्या बाजूच्या खिडकीत लहान एसी बसवला. मध्ये एक पालटी बटण दिलं, एका वेळी एकच चालेल असं. इन्व्हर्टरच बसला तर थेट जनरेटरवरून चालवता यावं म्हणून वेगळी वायर ओढली. मावशींना सांगितलं की जुना फार आवाज करतो, हा झोपेसाठी. "ह्यास्ना हट्ट," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

मे महिन्यात ते दोघं गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आबांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"पयला गया. दुसरा चालू शे."

आणि फोन बंद. मी दहा वेळा लावला, लागला नाही. पुढचे पाच दिवस माझं कशातच चित्त नव्हतं. घरी जेवताना बायको म्हणाली, कोण आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, एक मोटर आहे.

ते परतले तेव्हा मावशींनी मला खिडकीशी बोलावून सांगितलं. नव्वदीची आई, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पण रोज दुपारी काठी टेकत गाडीत चढायची आणि चाचपडत लेकीचे केस विंचरायची. चार वर्षं त्यांची भेट नव्हती. मी पहिल्या एसीचा जळका पंखा बदलत होतो. आबा खाली टायरची हवा बघत होते, जणू त्यांचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता.

दिवाळीनंतर आबा गेले. सकाळी अंगणात चहा पिता पिता, बसल्या जागी.

मार्चमध्ये मावशींचा निरोप आला, गाडी बघून जा. मला वाटलं विकायची असेल. त्या मागच्या खोलीतच होत्या, खिडकीशी टेकून. म्हणाल्या, पुतणी मोठी गाडी शिकते आहे, एप्रिलच्या आत आईकडे जायचं आहे, दोन्ही एसी तपासून दे. मी दोन्ही तपासले, बटण चार वेळा पालटून पाहिलं. मग इंजिनावर बॅटऱ्या चार्ज होतात का ते बघायला पुढे जाऊन आबांच्या जागेवर बसलो.

आबा चांगलेच उंच होते. सीट पार मागे सरकवलेली होती. माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट पुढे ओढायचा खटका हाताशीच होता. मी त्याला हात लावला नाही. सीटच्या कडेला येऊन, स्टीअरिंगला धरून अर्धवट लोंबकळत पाय टेकवला आणि गाडी सुरू केली.