उसन्या टीव्हीचं गाव

आमच्या चादरीच्या दुकानात भिंतीवर एक वाकवलेली तार असे. आलेलं बिल तिच्यात खोचायचं, महिनाअखेरीला तार रिकामी करायची. मला ती पद्धत आवडली आणि मी स्वयंपाकघरात तशाच दोन तारा लावून घेतल्या, वर्तमानपत्रातल्या कात्रणांसाठी. एक कामाच्या बातम्यांची: रेशनवर काय आलं, नळ कोणत्या वेळी, रॉकेल कधी. दुसरी न कळलेल्या बातम्यांची. न कळलेली बातमी रद्दीत टाकायची नाही, पुढंमागं कधीतरी कळेल, असा माझा नियम होता. पंच्याहत्तर साली ही दुसरी तार पहिलीपेक्षा लवकर भरू लागली.

तो आणीबाणीचा काळ. काय छापायचं आणि काय नाही, ते वरून ठरत होतं म्हणे. त्यामुळे छापलेलं सगळं खरं धरावं की सगळंच सोडून द्यावं, ते समजेना. माझे यजमान फक्त सुताचे भाव आणि निर्यातीचं पान वाचत. ते म्हणत, "भाव खरे असतात. बाकी तुझ्या तारेला लाव." बाकीचं मी आणि माझी थोरली लेक वाचायचो. ती बी.ए. झाली होती आणि सकाळी पेपर आधी कुणी उघडायचा यावरून आमची रोज भांडणं होत.

त्या वर्षी उपग्रहांच्या बातम्या फार. आपला पहिला उपग्रह रशियातून उडाला. मग अमेरिकेचा एक उपग्रह आपल्याकडच्या खेड्यांना टीव्ही दाखवू लागला. मुंबई-पुण्याला टीव्ही होता, आमच्या सोलापुरात नव्हता. आणि अक्कलकोटच्या पुढं हद्द ओलांडली की गुलबर्ग्याकडच्या खेड्यांत, जिथं एस.टी. दिवसातून दोनदा जाते, तिथं शाळेत टीव्ही बसला. आपला उपग्रह रशियातून, अमेरिकेचा आपल्यासाठी, आणि टीव्ही शहर सोडून खेड्यात. मी ते कात्रण दोनदा वाचलं आणि दुसऱ्या तारेला लावलं.

दिवाळीनंतर अक्कलकोटच्या नणंदेनं लेकीसाठी स्थळ आणलं. मुलगा त्याच बाजूच्या एका खेड्यात शिक्षक, घरची कोरडवाहू शेती, आमच्यासारखंच घरात कानडी आणि मराठी दोन्ही. मुलगा सोलापुरात येऊन पाहून गेला, त्याला मुलगी पसंत पडली. लेक मात्र पेपरात डोकं घालून बसे. शेवटी म्हणाली, "खेड्यात पेपर दुसऱ्या दिवशी येतो, आई. कधी येतच नाही. मला जगाचं काही कळणार नाही तिथं."

आमच्यात घर पाहायला मुलीला नेत नाहीत. मी नेलं. ज्याला राहायचंय त्यानं बघावं, एवढा साधा विचार. नणंद म्हणाली, "आता वरातही तिलाच काढायला सांग." जाताना मी नऊ प्रश्न लिहून घेतले होते. जमीन किती, कर्ज आहे का, घरात माणसं किती, संडास, लाइट, पाणी, दवाखाना, आणखी असंच.

त्यांचं घर स्वच्छ होतं. विहीणबाई (तेव्हा अजून व्हायच्या होत्या) बोलायला मोकळ्या. "बसा की अक्का, उनात आलासा. च्या घ्या आदी." मी कर्जापर्यंत आले होते, तेवढ्यात मुलगा उठला. "माफ करा. वेळ झाली. किल्ली माझ्याकडं आहे."

"कसली किल्ली?" यजमानांनी विचारलं.

"टीव्हीची," विहीणबाई म्हणाल्या आणि त्याही उठल्या. "चला की तुमी बी. सोलापुरात हाय का टीव्ही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बघा आमचा."

माझे सात प्रश्न कागदावरच राहिले. सगळं घर शाळेकडं निघालं, म्हातारे सासरे काठी टेकत, आणि आम्हीही त्यांच्यामागून. शाळेच्या छपराशेजारी जाळीची एक मोठी परात आभाळाकडं तोंड करून उभी होती. व्हरांड्यात एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला गडीमाणसं. मुलानं कुलूप काढलं, बटण फिरवलं, आणि पडद्यावर एक बाई कानडीत बियाण्याला औषध कसं चोळायचं ते सांगू लागली.

बियाण्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. बायकांचा वाद चालला होता तो त्या बाईच्या पातळावर. टीव्ही काळापांढरा, त्यामुळे पातळाचा रंग रोज अंदाजानं ठरायचा.

"हिरवं हाय."

"हिरवं न्हाय, जांभळं. काठ बघ की."

"काल बी जांभळं म्हनलीस, आज बी जांभळं. तुला दुसरा रंग येतो का न्हाई?"

विहीणबाई मागं वळून यजमानांना म्हणाल्या, "अण्णा, तुमी कापडवाले. तुमी सांगा, काय रंग?"

यजमान चादरी विकतात, पातळं नाही. पण सगळा व्हरांडा त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि ठाम सांगितलं, "मोरपंखी."

"बघा!" विहीणबाई म्हणाल्या. "मानूस लागतो सांगाय." बायका हसत सुटल्या. माझी लेकही हसली. त्या महिनाभरात ती पहिल्यांदाच हसली होती. किल्लीवाला मुलगा तिच्याकडं बघत होता, तेही मी पाहिलं. शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली म्हणून आम्ही निघालो. पाण्याचं विचारायचं राहिलं.

लेकीनं होकार दिला. तिकडं लग्नाची याद्या-बोलणी सुरू झाली आणि इकडं पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. तो अमेरिकेचा उपग्रह आपल्याला वर्षापुरताच दिलाय, वर्ष संपलं की तो आपल्यावरून सरकवून दुसरीकडं नेणार.

यजमान म्हणाले, "आभाळातली वस्तू उसनी कशी देतात? ती काय वाटी आहे साखरेची?"

"छापलंय तसं."

"छापलेलं तर बरंच असतं हल्ली."

मलाही खरं वाटेना. एवढा खर्च करून, गावोगाव पेट्या बसवून, वर्षात परत नेतील? पण खोटं म्हणावं तर असली बातमी खोटी कशाला छापतील? मी ते कात्रण लेकीसमोर ठेवलं. तिनं वाचलं.

"हे खरं निघालं तर?" मी विचारलं.

"आई, मी टीव्हीशी लग्न करत नाहीये."

"मग होकार कशासाठी दिलास? आधी तर तुला खेडं नको होतं."

तिनं कात्रणाची घडी घातली. मग म्हणाली, "ते मलाही नीट कळलेलं नाही. तू तारेला लाव."

माघात लग्न झालं. तिची पोस्टकार्डं यायची. त्यात शाळा, सासूबाई, टीव्हीवर काय पाहिलं, ते सगळं. मला वाटलं, ठीक चाललंय.

पहिल्या नागपंचमीला तिला माहेरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तसं तिनं न सांगता दोन हंडे भरले, एक डोक्यावर, एक काखेत, आणि माडीवर नेऊन ठेवले. आमच्या घरात असला हंडा दोघी मिळून उचलतात. मी तिचे हात बघितले. दोरानं घट्टे पडले होते.

"विहीर कुठं आहे गं?"

"शाळेच्या मागं. गावाबाहेर."

"आणि पाणी कोण आणतं?"

"सासूबाईंची कंबर धरलेली असते. मीच आणते. सगळ्याच आणतात, आई. त्यात काय."

मला राग कुणावर काढावा ते कळेना. त्यांनी काही लपवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं, कारण आम्ही सगळे आभाळातून येणारं चित्र बघायला गेलो होतो. ज्या गावाला आभाळातून बाई बोलते त्या गावाला नळ नसेल, असं माझ्या मनातही आलं नाही. मी यजमानांना सांगून टाकलं: पाण्याची सोय होईपर्यंत लेक जाणार नाही. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना हंडा उचलून दाखवायला सांगा."

पंचमी झाली आणि जावई न्यायला आले. चेहरा उतरलेला होता. लेकीनं पाण्याचा तांब्या द्यायच्या आधीच विचारलं, "बंद झाला?"

"झाला. परवा."

"मी नव्हते शेवटच्या दिवशी," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. हाताला घट्टे पडले तेव्हा रडली नव्हती.

जावई सांगत होते, "कार्यक्रम संपला तरी कुणी उठेना. मी कुलूप लावलं, तरी बसून. काल वेळ झाली तशी सगळी परत आली. मी म्हटलं, आता काही लागणार नाही. तर म्हणतात, उघडून तरी ठेव. उघडून ठेवला. सगळे रिकाम्या पडद्यावरच्या मुंग्या बघत बसले."

मी जेवायच्या आधीच विषय काढला. "जावईबापू, टीव्ही गेला. पाणी अजून विहिरीतच आहे. मुलीला मी कशाला पाठवू?"

यजमान खाकरले. जावयांनी मान खाली घातली. "आत्या," ते म्हणाले (त्यांच्याकडं सासूला आत्याच म्हणतात), "टीव्ही मी आणला नव्हता आणि मी घालवलाही नाही. पाण्याचं तुम्ही बोलता ते बरोबर आहे."

"मग?"

"टीव्हीसाठी शाळेपर्यंत लाइन ओढली होती. पेटी नेतील, लाइन नाही नेणार. विहीर शाळेमागंच आहे. बारकी मोटर चालेल, असं लाइनमन म्हणतो. पंचायतीला अर्ज दिलाय."

"होईल?"

"माहीत नाही. पुरुषांना ते गरजेचं वाटत नाही. पाणी भरणारे ते नाहीत."

मी म्हटलं, "मग मोटर बसली की न्यायला या." मला वाटलं, लेकीच्या मनातलंच बोलले.

पण लेक म्हणाली, "मी उद्या जाते."

"का? घट्टे कमी पडले?"

"आई, त्या अर्जाला बायकांचे अंगठे जोडायला पाहिजेत. गावातल्या सगळ्या बायका एका ठिकाणी कधी जमत नाहीत. टीव्हीच्या वेळेला जमतात. काल मुंग्या बघायलासुद्धा जमल्या. ती सवय अजून आहे, पण पंधरा दिवसांत जो तो आपापल्या चुलीला लागेल. मग मी कुणाला गोळा करू?"

हे असं काटेकोर बोलणं माझंच होतं, माझ्या विरुद्ध वापरलेलं. अर्ज फेटाळला तर? मोटर आली आणि लाइटच नसली तर? मी तेच विचारत होते आणि ती बॅग भरत होती. यजमान मधूनच म्हणाले, "जाऊ दे तिला," आणि लगेच, "की थांबवायचं?" आम्ही दोघं तसेच तिच्याभोवती घुटमळत राहिलो. शेवटी मी शेंगाचटणीचा डबा भरून दिला, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

मोटर बसली, पण पुढच्या उन्हाळ्यात. विहिरीपासून पाइप ओढून गावाच्या मधोमध एक टाकी, तिला चार तोट्या. आम्ही बघायला गेलो त्या दिवशी नेमकी लाइट नव्हती. टाकीजवळ हंड्यांची रांग, आणि बायका व्हरांड्यातल्यासारख्याच दाटीवाटीनं बसलेल्या. लेकीला पाचवा महिना होता. ती कुणाला तरी सांगत होती की लाइनमनला सायकलवरून बोलावून आणा, कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं तो विसरतो. मी तिचे हात बघितले. घट्टे गेले नव्हते, पण मऊ पडले होते. त्यावरून काय समजायचं, ती सुखात आहे की फक्त सवय झालीय, ते मला ठरवता येईना, आणि विचारायची सोय नव्हती, भोवती एवढी माणसं.

विहीणबाईंनी यजमानांना जागा करून दिली. "अण्णा, एक विचारायचं राहिलंय. ती टीव्हीतली बाई, तिचं पातळ मोरपंखीच हुतं न्हवं? ही जांभळीवाली अजून ऐकंना."

यजमानांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "खरं सांगू का, मला काही दिसलं नव्हतं."

"आँ? मग बोललासा कशाला?"

"सगळे माझ्याकडं बघत होते."

बायकांचा एकच कल्ला उठला. जांभळीवालीनं हंडा आपटला, विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. लेक हसत हसत टाकीला टेकली. तेवढ्यात तोटी खाकरली, थोडी हवा सुटली, मग पाणी आलं, आणि सगळ्या वाद तिथंच सोडून रांगेकडं पळाल्या.