जिभेवरचा सेल

"आंबट आहे. जिंदा आहे."

सेल जिभेवर टेकवून तो घडीवाला एवढंच म्हणायचा. घड्याळातला बटणाएवढा चपटा सेल. जिभेला आंबट झिणझिणी आली तर जिवंत. नाही आली तर म्हणायचा, "पानी," आणि पायाजवळच्या डब्यात टाकायचा. तपासायची मशीन होती त्याच्याकडे. पण "मशीनचा बी सेल उतरते जी, जिभेचा नाही उतरत."

गोंदियात स्टेशनकडं जाताना कपड्याच्या दुकानाच्या जिन्याखाली त्याचं काचेचं टेबल होतं. एक माणूस कसाबसा बसेल एवढी जागा. डोळ्यात भिंग. भिंग काढलं तरी तो डोळा बारीकच राहायचा, म्हणून हा आपल्यावर संशय घेऊन राहिला असं वाटायचं. असे घडीवाले तुम्हीही पाहिले असतील. बोलणं हिंदीत सुरू करायचे, मराठीत संपवायचे.

माझं त्याच्याशी काम पडलं ते बायकोच्या कानापायी. आम्ही दोघंही राइस मिलमध्ये होतो. त्या घरघरीत तिचे कान गेले, माझे राहिले. पुढं ती घरी बिड्या वळायला लागली. एका शिबिरात तिला कानामागं लावायची मशीन मिळाली. तिचा सेल गावात कुठं मिळेना. घडीवाला नागपूरवरून मागवून द्यायचा, आणि कधी कधी सेल महिना महिना यायचाच नाही.

पहिल्या दिवशी त्यानं सेलवर चिकटवलेला कागद सोलला आणि सेल तसाच टेबलावर ठेवला. "एक मिनिट हवा खाऊ द्या. हा हवेवर जगते." मग सेल बसवून मशीन मुठीत दाबली. बारीक शिट्टी वाजली. ती तिच्या कानाला लावली, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून विचारलं, "वहिनी, आज भाजी कोनती केली?"

"ओरडता कायले जी? ऐकू येते ना मले."

जिन्यावरची माणसं हसली. तो नाही हसला. भिंग काढून डोळा पुसत बसला.

टेबलाच्या काचेखाली त्यानं हिंदी पेपरचं एक कात्रण ठेवलं होतं. कागदासारखा पातळ, वाकणारा सेल कुठंतरी बनवून राहिले, अशी बातमी होती. ती तो सगळ्यांना वाचून दाखवायचा. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, पुढं असा सेल लुगड्याच्या काठात शिवतीन. कानात मशीन, काठात सेल."

"मंग लुगडं धुवाचं कसं?"

त्यानं कात्रण पुन्हा वाचलं. आठ दिवसांनी मी एकटाच गेलो तर म्हणाला, "वहिनीचा सवाल सही आहे. पेपरवाल्यानं धुवाचं लिहिलंच नाही."

आता माझं सांगतो. सेल लवकर मिळत नाही म्हणून मी घरात कायदा केला. डॉक्टरकडं जायचं, पाहुणे आले, तरच मशीन घालायची. एरवी काढून डबीत. दुपारी ओसरीवर बाया बिड्या वळायला जमायच्या. तिला त्यांच्या गप्पा ऐकायच्या असायच्या. मी म्हणायचो, "बायांच्या टवाळीवर सेल कायले मारतं? काढ." ती काढायची. मग सगळ्या हसल्या की उशिरानं हसायची.

एकदा घडीवाल्यानं विचारलं, "भाऊ, सेल किती दिवस चालते?" मी मोठ्या ऐटीत माझा कायदा सांगितला. त्याचा बारीक डोळा आणखी बारीक झाला.

"काऊन असं करता, भाऊ? एकदा कागद काढला का हा मरतेच. घातला तरी मरते, डबीत ठेवला तरी मरते. चार-दोन दिवस मागंपुढं. वहिनीले घालून राहू द्या दिवसभर."

"तुमचं दुकान आहे. तुम्ही असंच म्हणणार."

मी हे सगळ्यांदेखत बोललो. तो चिडला नाही. एक नवा सेल काढला, कागद सोलला, हवा खाऊ दिली, जिभेवर ठेवला. "आंबट." रुमालानं पुसला आणि घड्याळाच्या जुन्या काचेत ठेवून काच खणात सरकवली.

"याले कोनी वापरनार नाही. दर सोमवारी जीभ लावून लिहून ठेवतो. महिन्यानं या."

मी गेलो नाही. आपण चुकलो असं निघालं तर, म्हणून गेलो नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

त्या उन्हाळ्यात बायकोला अर्धांगवायू झाला. घाईघाईत तिला दवाखान्यात नेलं, मशीन घरीच डबीत राहिली. तिला सोडून आणायला जाता आलं नाही. तीन दिवस ती माझ्या तोंडाकडं पाहत होती. मी बोलत होतो, ओरडत होतो, नर्स दटावत होती. जे बोललो ते इथं सांगत नाही. तिनं ते ऐकलं नाही. चौथ्या दिवशी गेली.

दिवाळीनंतर मी जिन्याखाली गेलो. टेबलापाशी त्याची बायको खण रिकामे करत होती.

"वो तो गए, भैया. दो महीने हो गए. छातीत दुखलं, बस."

मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "मिलवाले भाऊ तुम्हीच का जी?" आणि घड्याळाची काच माझ्या हातात दिली. आत सेल होता, त्याच्याखाली चिठ्ठी. मला वाचायला वेळ लागते, पण चार-पाचच ओळी होत्या.

पहिला सोमवार, आंबट. दुसरा, आंबट. तिसरा, कमी. चौथा, पानी.

खाली लिहिलं होतं, 'भाऊले दाखवाचा.' त्यानं माझी वाट पाहिली होती.

घरी आलो. फळीवर तिची डबी होती, तशीच. तिच्यात मशीन आणि वाचवलेले दोन सेल, कागद लावलेले. एकाचा कागद सोलला. एक मिनिट हवा खाऊ दिली. मग जिभेवर ठेवला.

आंबट होता.