घरगुती कारण

मार्च उजाडला की आमच्या कंपनीला आठवतं, आपल्याकडे बायकाही कामाला आहेत. मग जांभळ्या रंगाचा एक ईमेल येतो. या वेळी त्यात असं होतं की ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमध्ये, संगणक क्षेत्रातल्या महिलांची परिषद आहे, सगळ्यांनी जांभळं नेसून यावं आणि व्यासपीठावर बोलणाऱ्या प्रत्येकीने घरचं एक माणूस सोबत आणावं. तिला काम करू दिल्याबद्दल त्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार होता.

बोलणाऱ्यांत मी होते. आम्ही हॉस्पिटलांच्या नोंदणीची सिस्टीम चालवतो. पेशंट काउंटरवर नाव सांगतो आणि त्याला नंबर मिळतो, ती. मागच्या वर्षी मी ती जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवली, तीही एकसुद्धा काउंटर बंद न ठेवता. कोणाला कळलंच नाही, आणि आमच्या धंद्यात काम चांगलं झाल्याची तीच खूण. पण ते काम सांगायला दर वेळी उभे राहायचे आमचे साहेब. क्लायंटसमोर तेच, मोठ्या साहेबांसमोर तेच, नौपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या सत्यनारायणालाही बहुधा सांगून झालं असेल. त्यांच्या तोंडी कायम ‘आम्ही’ असायचं आणि त्या ‘आम्ही’त मी कुठे आहे ते दुर्बीण लावून शोधावं लागायचं. या वेळी कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव छापलं होतं. डोंबिवलीच्या घरी मी ती पत्रिका फ्रिजवर लावली आणि येता-जाता वाचली. बोलायचं तर मलाच बोलायचं होतं, एवढं एकदाच.

एचआरच्या बाईंचा त्याबद्दल एकच फोन आला. “अगं, जरा सोप्पं कर ना. सर्व्हर-बिर्व्हर म्हटलं की बायका बोअर होतात.” माझ्या आधी एक आहारतज्ज्ञ हिमोग्लोबिनवर बोलणार होत्या आणि नंतर ‘घर आणि करिअर : तारेवरची कसरत’ असा परिसंवाद होता. मी मान्य केलं की त्यापुढे सर्व्हर फिकाच पडतो.

नवरा दौऱ्यावर, त्यामुळे घरचं माणूस म्हणून सासूबाई आल्या. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेल्या. त्यांना मी सांगितलं, सत्कार आहे.

“कशाबद्दल?”

“मला नोकरी करू दिल्याबद्दल, आई.”

“मी कधी करू दिली? तू मला विचारलं होतंस?”

जांभळी साडी मात्र त्यांनी आदल्या दिवशीच इस्त्रीला दिली.

हॉल एरवी लग्नांचा. दारात अत्तर, आत जांभळे फुगे, पिशवीत फेसपॅक आणि गुलाबी माऊस. आमच्या कंपनीने फोटो भरगच्च दिसावा म्हणून होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बायका धाडल्या होत्या. ऑफिस सांभाळायला पुरुष मंडळी मागे ठेवली. ज्याने हा बेत आखला त्याच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. बायका काळजीपूर्वक काम करतात, असं साहेबांचं ठाम मत. म्हणून सिस्टीम बिघडली की धावायची पाळी आमच्या टीममध्ये फक्त बायकांकडे, आणि ज्यांत काळजी लागत नाही अशी पदं पुरुषांकडे. त्या दिवशी सिस्टीमची अख्खी पाळी जांभळी साडी नेसून फुग्यांखाली बसली होती.

हिमोग्लोबिन झालं, सासूबाईंचा सत्कार झाला. शाल पांघरून त्या पहिल्या रांगेत, साहेबांच्या शेजारी जाऊन बसल्या. मग प्रमुख पाहुणे उठले. ते अर्थातच पुरुष होते. स्त्रियांनी तंत्रज्ञानात पुढे यायला हवं, असं ते इतका वेळ सांगत राहिले की पुढे यायला कोणाला वाव उरला नाही. तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन थरथरला. काउंटरवरचे नंबर अडकले होते. ऑफिसातल्या मंडळींनी सर्व्हर दोनदा रीस्टार्ट करून पाहिला होता, म्हणजे जे करू नका असं मी लिहून भिंतीवर चिकटवलंय तेच.

मी वाकून साहेबांना सांगितलं की सिस्टीम पडलीय, ते शेजारी सासूबाईंनीही ऐकलं. मग शहाडहून येणाऱ्या माझ्या ज्युनियरला उठवलं आणि लॅपटॉप घेऊन बाहेर पडले. बसायला जागा मिळाली ती ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत. दिव्यांच्या आरशासमोर लॅपटॉप मांडून आम्ही दोघी अडकलेल्या नोंदी क्रमाने सोडवायला लागलो. नवरीला मंगलाष्टकं ऐकू यावीत म्हणून त्या खोलीत स्पीकर लावलेला. हॉलमधला शब्द न् शब्द आत येत होता. पाहुणे संपले. टाळ्या पडल्या. माझं नाव पुकारलं.

मी की-बोर्डवरून हात उचलला नाही. तिकडे पेशंट ताटकळत उभे होते.

मग निवेदिका गोड आवाजात म्हणाली, “काही घरगुती कारणामुळे आपल्या वक्त्या येऊ शकत नाहीत. त्यांचं सादरीकरण त्यांचे साहेब करतील.”

समोर क्लायंटची माणसं बसलेली. सिस्टीम पडलीय हे सांगणार कोण? आणि बाईचं घरगुती कारण म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. साहेबांनी बरोबर ओळखलं होतं. मला रडू आलं, रागाने. ज्युनियरने माझ्याकडे न बघता पाण्याची बाटली पुढे सरकवली.

साहेबांचा आवाज सुरू झाला. “तर आम्ही जेव्हा हे काम हाती घेतलं...”

“अहो, तो माईक जरा इकडे द्या.” हा आवाज मला ओळखीचा होता. शेवटच्या बाकालाही दरारा वाटेल असा. “घरगुती कारण म्हणालात ना? या सगळ्यांना वाटेल घरी काही झालं. घरचं माणूस मीच. मगाशी तुम्हीच मला शाल दिलीत. आमच्या घरी सगळं ठीक आहे. बिघडलंय ते यांच्या ऑफिसात, आणि ती तेच दुरुस्त करायला गेलीय. येईल ती. थांबू की आपण.”

हॉलमध्ये कोणी तरी हसलं. मग बरेच जण.

“मॅडम, जा तुम्ही,” ज्युनियर म्हणाली. “नंबर सरकायला लागलेत. राहिलेलं मी करते, टेन्शन नका घेऊ.”

मी जवळजवळ धावतच गेले. साहेबांनी रिमोट माझ्या हातात देत म्हटलं, “ये ये, मी नुसती वातावरणनिर्मिती करत होतो.” मी बोलले. जेवण लागलं होतं, मसालेभाताचा वास आत येत होता, एचआरच्या बाई मनगटावरच्या घड्याळाला बोट लावून दाखवत होत्या. मी एकही सर्व्हर गाळला नाही. बऱ्याच जणी शेवटपर्यंत बसल्या आणि प्रश्नही विचारले. हिमोग्लोबिनवर एकही नव्हता.

कंपनीच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी ढीगभर फोटो आले. फुगे आले, पाहुणे आले, पनीर आलं. माझा एकही नाही. फोटोग्राफर तेव्हा जेवायला गेला होता.

पण सासूबाईंनी व्हिडिओ घेतला होता. फक्त कॅमेरा उलटा राहिला, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात दिसतो तो त्यांचाच चेहरा, अगदी जवळून, आणि ऐकू येते मी. त्यांना त्यातलं काही कळत नाहीये हे स्पष्ट दिसतं. तरी त्या नजर हलवत नाहीत. मध्येच एकदा त्या मान वळवतात, शेजारी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या साहेबांकडे बघतात आणि हळू आवाजात म्हणतात, “ठेवा तो. ती बोलतेय.”