धाकटीचा कान आणि वाटीभर सुकडी

दुष्काळाच्या साली आमच्या शाळेत सकाळी सुकडी मिळायची. भाजक्या गव्हाचं गोडसर, तांबूस पीठ. गुरुजी वाटीनं मापून प्रत्येकाच्या ताटलीत घालायचे, वर थोडं पाणी. घरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, तीही संध्याकाळी एकदाच. त्यामुळं सातारा-सांगलीच्या शिवेवरच्या आमच्या गावात त्या वर्षी एकही पोर शाळा बुडवत नव्हतं.

नियम एकच: पटावर नाव असेल त्यालाच सुकडी, आणि ती तिथंच बसून खायची. मी चौथीत होते. धाकटी बहीण साडेचार वर्षांची, रोज माझ्या कडेवर शाळेत यायची. माझ्यातली अर्धी तिची. गुरुजी बघायचे आणि फळ्याकडं तोंड करायचे.

मग आईनं मला खडीच्या कामावर न्यायचं ठरवलं. वडील बैलं घेऊन छावणीत होते, तिचे एकटीचे हात पुरत नव्हते. शाळा सुटणार याचं मला तेवढं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. पण माझं नाव पटावरून गेलं की धाकटी सकाळी काय खाणार? मला त्याचाच घोर लागला.

शेवटच्या दिवशी मी तिला गुरुजींपुढं उभी केली.

"आवं गुरुजी, माझ्या जागी हिला घ्या की."

"सहा वर्सांची हाय का ही?"

"हाय की!"

"बघू. कानाला हात लाव गं."

तेव्हा जन्माचे दाखले कुणाकडं होते? डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला बोटं टेकली, की सहा पुरी. धाकटीची बोटं वरच केसांत अडकली. तोंड रडवेलं, डोळे मात्र सुकडीच्या डब्यावर.

"मान वाकडी कर की जरा," गुरुजी म्हणाले. तरी उणंच. मग त्यांनीच दोन बोटांनी तिचा कान धरून वर ओढला. "लागला! लय मोठी झाली गं पोरगी." सगळी शाळा हसली. पटावर जन्मतारीख म्हणून त्यांनी एक जून घातला, सगळ्यांचा असायचा तोच. सालही मागचं. धाकटी जाग्यावर दीड वर्षानं मोठी झाली.

तिला पहिल्यांदाच स्वतःची वाटीभर सुकडी मिळाली. तिनं सवयीनं अर्धी माझ्याकडं सरकवली. नको म्हणायला हवं होतं. मी खाल्ली.

लग्न होऊन मी इकडं भोपाळला आले, ती तिकडं शिकून नर्स झाली. नातवाच्या वाटीत सकाळी दूध ओतते तेव्हा गुरुजींची ती दोन बोटं आठवतात. त्यांचे उपकार कसे फिटणार? परवा तिचा फोन आला.

"आक्के, त्या कानापायी दीड वर्स आधी रिटायर केलं की गं मला!"

मी विचारलं, "रागावलीस व्हय?"

"येडी हायस का? तू जेवलीस का, ते सांग आधी."