हँडपंपासाठी प्रार्थना
मेणबत्तीचा वास आला का मले बालाघाटचं ते चर्च आठवते. ख्रिस्ती दोस्ताच्या मायचं मोठं ऑपरेशन होतं, म्हणून त्याच्यासंग गेलतो. मले वाचता येत नाही, पण तिथलं काम सोपं होतं. फादर एकेक मागणं म्हणत, अन् सारे म्हणत, "हे प्रभु, हमारी सुन." चौथ्या वेळी माहाच आवाज सगळ्यात मोठा. प्रार्थना सरल्यावर फादरनं सूचना दिली, "आँगन का हैंडपंप खराब है." मी डोळे मिटूनच ठणकावलं, "हे प्रभु, हमारी सुन." सारे हासले. आठ दिवस तोंड पाडून बसलेला दोस्तही हासला. माय बरी होऊन घरी आली, तं मलेच इचारते, "काय रे बाबू, पंप सुधरला का?" आता रामपायलीले देवळात रामापुढं हात जोडले, तरी तोंडातून "हे प्रभु, हमारी सुन" हेच निघते.