लाईट गेली नव्हती

औशाच्या टॉवरखालच्या खोलीतला राऊटर महिन्यात तिसऱ्यांदा आपोआप बंद पडून सुरू झाला, तेव्हा साहेबांनी मला नांदेडहून धाडलं. आधीच्या दोन्ही वेळा मी खुर्चीतून हललेच नव्हते. आपल्याकडे काहीही बंद पडलं की कारण ठरलेलं असतं. मीही "लाईट गेली, इन्व्हर्टर वेळेवर लावला नाही" असं लिहून तक्रार मिटवली होती.

इन्व्हर्टर सांभाळायला तिथे एक काका होते, कंत्राटी. दोन्ही वेळा ते फोनवर म्हणाले होते, "लाईट गेलीच न्हाई ताई. मी हितंच बसून हाय." मी बरं बरं म्हणाले. दिवसभर अशीच उत्तरं ऐकून कान किटलेले असतात. आता मी बसमध्ये असतानाच कंत्राटदाराने माझ्या त्या दोन नोंदी पुढे करून काकांना काढून टाकलं.

लातूरला गाडी बदलून पोचले तेव्हा कंबर मोडली होती. शेजारच्या दुकानातून किल्ली घेतली, लॅपटॉप जोडला आणि राऊटरने स्वतः केलेल्या नोंदी पहिल्यांदाच उघडल्या. तिन्ही वेळा एकच ओळ होती: मेमरी पॅरिटी एरर. मेमरीत काही ठेवताना हे यंत्र त्या आकड्यांची बेरीज सम की विषम, याची खूण करून ठेवतं. वाचताना खूण जुळली नाही की त्याचा स्वतःवरच भरवसा राहत नाही. ते बंद होतं आणि नव्याने सुरू होतं. एकदा झालं तर नुसतं लक्ष ठेवायचं. पुन्हा त्याच जागी झालं तर मेमरीची पट्टी खराब. इथे तिन्ही वेळा जागा तीच होती. पट्टी काढून, पुसून परत बसवली. दुपारी पुन्हा तेच. मग नवी घातली. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम.

मला माझीच लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि खाली सही माझी. कंत्राटदाराला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मशीन चालू झालं ना मॅडम? मग झालं की. नवा माणूस उद्यापासून येऊन राहिला."

मग काकांना फोन लावला. नोकरीचं काही जमलं नाही, हे आधी सांगून टाकलं.

"ते जाऊ द्या. लाईट गेली नव्हती ना?"

"नव्हती, काका. चूक माझी."

"मग हिला सांगा तेवढं. मी झोपलो व्हतो म्हणून सकाळपासून बोलून राहिली."

फोन त्यांच्या बायकोकडे गेला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांनी दोनदा सांगितलं व्हतं की तुम्हाला. तवा का न्हाई आलात?"

लांब पडतं, असं काहीतरी मी पुटपुटले.